सेंद्रिय कुठे घ्यायचं आणि जीएमची काळजी कशाची करायची

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून एका ताईंनी विचारलंय, ते थोडक्यात असं: "घरात दोन लहान मुलं आणि मधुमेह असलेल्या सासूबाई. दोन वर्षं झाली, भाजी, तांदूळ, गूळ सगळं सेंद्रिय आणतो. महिन्याला तीन-साडेतीन हजार जास्तीचे जातात. आता मोबाईलवर फिरतंय की बाजारातली ढबू मिरची, स्वीट कॉर्न, पपई, सोयाबीन सगळं जीएम, म्हणजे जनुक बदललेलं, आहे. दादा, तुम्ही याच कामात आहात. खरं काय ते सांगा, आणि पैसे नेमके कुठे घालू तेही सांगा."

ताई, मी पंचवीस वर्षं शेतकऱ्यांच्या बांधावर आहे. सुरुवातीची काही वर्षं औषध-खतांच्या दुकानात बसून डोस लिहून देत होतो, नंतरची सगळी वर्षं करवीर आणि कागल तालुक्यांतल्या सेंद्रिय गटांबरोबर गेली. दोन्ही बाजू हाताळल्यात, तेवढ्या अनुभवावर सांगतो.

आधी मोबाईलवरचं बघू. आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर पिकणारं परवानगीचं जीएम पीक एकच आहे, ते म्हणजे कापूस. मोहरीच्या डीएमएच-११ या जीएम वाणाला ऑक्टोबर २०२२ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली होती, पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जुलै २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींनी दोन वेगळे निकाल दिले. वांग्याचं पुढे सांगतो. बाकी तुमच्या यादीतली ढबू संकरित आहे, स्वीट कॉर्न मक्याचाच गोड प्रकार आहे, बाजारातली तैवान पपई संकरित आहे. यादीत नसलेली जी-नाइन केळीही ऊतिसंवर्धित, म्हणजे टिश्यू कल्चरच्या रोपांची आहेत. यातलं काहीच जीएम नाही. संकरित म्हणजे एकाच पिकाच्या दोन वाणांचा संकर, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं काम. जीएम म्हणजे दुसऱ्याच एखाद्या जिवाचं जनुक प्रयोगशाळेत काढून पिकात बसवणं. हातकणंगले, शिरोळ, कागल, गडहिंग्लजला पावसाळ्यात दिसणारं सोयाबीनही जीएम नाही.

पण जीएम आपल्या घरात येतच नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. ते दोन दारांनी येतं. एक दार तेलाचं. आपण सोयाबीन तेल मोठ्या प्रमाणावर अर्जेंटिना आणि ब्राझीलहून आणतो आणि तिथलं सोयाबीन जवळपास सगळं जीएम आहे. दुसरं दार सरकीचं. देशातला नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस बीटी आहे, म्हणजे अळी मारणारं एका जिवाणूचं जनुक घातलेला, त्याच सरकीचं तेल निघतं आणि पेंड आपल्या म्हशींच्या पाटीत जाते. दूध कट्ट्यावर पहाटे ज्या म्हशीचं दूध समोर पिळून घेतो तिनंही तीच पेंड खाल्लेली असते.

आता यात घाबरण्यासारखं किती? रिफाइंड तेलात प्रथिनं आणि जनुकांचा अंश जवळजवळ राहत नाही. पेंडीतलं बीटी प्रथिन म्हशीच्या पोटात इतर प्रथिनांसारखंच पचून जातं. हे प्रथिन ज्या जिवाणूचं, तो बॅसिलस थुरिंजिएन्सिस मूळचा मातीतलाच. अळीच्या आतड्यातला रस अल्कधर्मी असतो, तिथे ते प्रथिन उघडतं, आतड्याच्या भिंतीला चिकटतं आणि भोकं पाडतं. आपलं जठर आम्लधर्मी आहे आणि आपल्या आतड्यात त्या प्रथिनाला धरणारी जागाच नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं २०१६ मध्ये उपलब्ध पुरावे तपासून सांगितलं की बाजारात असलेलं जीएम अन्न नेहमीच्या अन्नापेक्षा जास्त धोक्याचं असल्याचं दिसलेलं नाही. गाठी आलेल्या उंदरांचे फोटो तुम्हालाही आले असतील. तो २०१२ चा फ्रान्समधला अभ्यास. ज्या नियतकालिकानं छापला त्यानंच २०१३ मध्ये तो मागे घेतला. मी सेंद्रिय शेतीचा माणूस आहे, ते फोटो पुढे पाठवले तर माझा माल जास्त खपेल, पण मी ते कधी पाठवले नाहीत आणि तुम्हीही पाठवू नका.

दुधाचं म्हणाल तर मला पेंडीतल्या जनुकापेक्षा पेंडीवरच्या बुरशीची काळजी जास्त वाटते. पावसाळ्यात ओल धरलेल्या पेंडीवर बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, तयार होतं आणि ते दुधात उतरतं. २०१८ च्या राष्ट्रीय दूध पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत ते मर्यादेपेक्षा जास्त सापडलं होतं. दूध उकळल्यानं ते जात नाही. गवळ्याला विचारायचंच असेल तर पेंड कुठे ठेवता, पोती जमिनीला टेकवून की फळ्यांवर, हे विचारा.

मग जीएमबद्दल माझ्या मनात काहीच नाही का? आहे, बरंच आहे, पण ते ताटातल्या विषाचं नाही. त्यासाठी २००२ सालात जावं लागेल. त्या वर्षी मार्चमध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि त्याच वर्षी पावसाळ्यात आपल्या सांगली-कोल्हापूरच्या उसावर लोकरी मावा ही कीड आली. मी तेव्हा दुकानात होतो. पानाच्या खालच्या बाजूला कापूस चिकटवल्यासारखा पांढरा थर, वरची पानं काजळी धरून काळी. लोक घाबरून पंप घेऊन उसात शिरले. पुरुषभर उंच उसात औषध मारायचं म्हणजे निम्मं आपल्याच अंगावर. आम्ही औषधं विकली, मावा पुन्हा आला, आम्ही पुन्हा विकली. आणि ज्यांच्याकडे फवारायला पैसे नव्हते त्यांच्या उसात डिफा आणि मायक्रोमस हे मित्रकीटक वाढले. डिफाची अळी त्या पांढऱ्या थरात शिरून मावा फस्त करायची. पुढे शेतकरी ती पानं कापून पाटीत घालून एकमेकांच्या उसात नेऊन बांधायला लागले आणि मावा आवाक्यात आला. ज्यांना आम्ही वेळेवर औषध दिलं त्यांचेच मित्रकीटक मेले होते. माझी दुकानातली खुर्ची सुटली ती या एका गोष्टीमुळं.

कापसावर नेमकं उलटं झालं. पहिली काही वर्षं बीटीनं खरोखर काम केलं, बोंडअळीच्या फवारण्या घटल्या, उत्पादन वाढलं. ते नाकारणं विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यावर अन्याय होईल. पण बीटीची फवारणी आणि बीटीचं झाड यात फरक आहे. फवारणी सेंद्रिय शेतीतही चालते, मी स्वतः वापरतो. उन्हात ती थोड्या दिवसांत निकामी होते. झाडात बसवलेलं जनुक मात्र पेशीपेशीत, हंगामभर विष तयार करत राहतं. अळीला रोज तोच डोस. त्यातून जी वाचते तिचीच पिल्लं पुढे येतात. म्हणून कडेनं बिगर-बीटी कापसाच्या ओळी लावायचा नियम होता, म्हणजे तिथल्या साध्या अळ्यांशी संकर होऊन ही ताकद पातळ व्हावी; तो बहुतेकांनी पाळला नाही, कारण त्या ओळी म्हणजे जाणूनबुजून नुकसान. दोन जनुकांचं बोलगार्ड-२ हे बीटी बियाणं २००६ मध्ये आलं. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं तेही पचवून महाराष्ट्रातली बोंडं पोखरली. त्याच हंगामात यवतमाळला फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. फवारणी कमी होईल म्हणून घेतलेल्या बियाण्याच्या शेतात माणसं फवारताना मेली, हे मी विसरू शकत नाही.

शिवाय आपल्याकडे हे जनुक बहुतेक संकरित बियाण्यातच दिलं गेलं, त्यामुळं दरवर्षी पिशवी विकत घ्यायची. इतर बऱ्याच देशांत सरळ वाणांत दिलं, तिथे पिशवीचं हे बंधन एवढं नाही. म्हणजे माझी तक्रार जनुकापेक्षा, ते कुणाच्या हातात आहे आणि एकच उपाय वर्षानुवर्षं रेटण्याबद्दल आहे. तणनाशक सहन करणारा एचटीबीटी कापूस तर परवानगी नसताना लावला जातो. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेच्या लोकांनी तो उघडपणे लावून सत्याग्रह केला. त्यांचा राग मला समजतो, निंदणीला माणूस मिळत नाही हे खरंच आहे. पण बिनपावतीच्या बियाण्याची पिशवी फसली तर दाद कुणाकडे मागणार?

आता वांगं. बीटी वांग्याला ऑक्टोबर २००९ मध्ये जीएम पिकांना मंजुरी देणाऱ्या केंद्रीय समितीनं हिरवा कंदील दाखवला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ते थांबवलं. बांगलादेशात ते २०१४ पासून शेतात आहे. इथे थांबलं ते मला योग्य वाटतं. वांग्याचे जितके देशी प्रकार आपल्याकडे आहेत तितके क्वचितच कुठे असतील. आपल्याच कृष्णाकाठच्या वांग्याची चव बघा. मधमाशा या परागकणांची सरमिसळ करत फिरतात. एकदा मिसळलेलं परत वेगळं काढता येत नाही. पण थांबवल्यावर वांगी उत्पादकाला दुसरं काय दिलं, हा प्रश्न उरतोच. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी आली की तो आठवड्याला दोनदासुद्धा औषध मारतो, आणि ते वांगं लक्ष्मीपुरीच्या बाजारात येतं.

या अळीशी सेंद्रिय पद्धतीनं कसं लढतात ते सांगतो, म्हणजे तुमचे जादा पैसे कशाचे ते कळेल. सकाळी दव असताना वाफ्यात गेलं की एखाद्या रोपाचा शेंडा मान टाकून बसलेला दिसतो, बाजूचं सगळं टवटवीत. तो शेंडा नखानं खुडून उभा चिरला की आत ओल्या भुश्यात गुलाबीसर अळी. ती बाहेर पडून फळात शिरायच्या आत शेंडा गोळा करून नष्ट करायचा. हे रोजचं काम. एकराला मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे कामगंध सापळे लावायचे, पाच टक्के निंबोळी अर्क, आणि किडीची अंडी संपवणाऱ्या ट्रायकोग्रामा या मित्रकीटकाची कार्डं. आमच्या गटात हे काम बहुतेक बायाच करतात आणि त्यांची नजर माझ्यापेक्षा पक्की आहे. इतकं करूनही काही वांगी किडतात, ती निवडून बाजूला काढावी लागतात. ते नुकसान आणि ती मजुरी तुमच्या किलोच्या भावात असते.

खताचाही हिशेब असाच आहे. हिवाळ्याअखेर लावलेल्या, म्हणजे सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकराला १०० किलो. चांगल्या शेणखतात अर्धा टक्का नत्र, टनाला पाच किलो. नुसत्या शेणखतावर जायचं तर एकराला २० टन पाहिजे, आणि त्यातलंही सगळं पहिल्याच वर्षी पिकाला लागत नाही. म्हणून ताग-धैंचा गाडायचा, पाचट न जाळता कुजवायचं, द्विदल आंतरपीक घ्यायचं. शेण-गोमूत्राचं २०० लिटर जिवामृत ओतलं की झालं, असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवून आमच्यातल्या दोघांनी पहिल्या वर्षी निम्मा ऊस गमावला. सगळीकडचे अभ्यास एकत्र पाहिले तरी सेंद्रिय उत्पादन सरासरी २० ते २५ टक्के कमी येतं. ते शेतकऱ्यानं एकट्यानं सोसावं अशी अपेक्षा धरू नये.

मग खाणाऱ्याला फायदा काय? जीवनसत्त्वं दुप्पट होतात वगैरे मी सांगत नाही. स्टॅनफर्डच्या २०१२ च्या आढाव्यात पोषणाचा ठोस फरक दिसला नाही. न्यूकॅसलच्या २०१४ च्या आढाव्यात अँटिऑक्सिडंट काही प्रमाणात जास्त आणि कॅडमियम कमी आढळलं. दोन्हींत एक गोष्ट मात्र सारखी निघाली, सेंद्रिय मालात कीटकनाशकांचे अंश कमी वेळा सापडतात. न्यूकॅसलच्या मांडणीत नेहमीच्या मालात ते चौपट वेळा सापडले. खरा फायदा हाच. आणि तो जितका खाणाऱ्याला आहे त्याहून जास्त फवारणाऱ्याला, त्याच्या विहिरीला आणि मातीला आहे. शिरोळकडची क्षारपड रानं बघा. भरमसाट पाणी आणि खत घालून मीठ वर आलेली जमीन परत वाहिती करायला जमिनीखाली पाइप घालून निचरा करावा लागतो.

आता पैशांचं. सगळं सेंद्रिय घ्यायची गरज नाही. ज्यावर फवारणी जास्त आणि जे सालीसकट खातो ते आधी सेंद्रिय घ्या: ढबू, वांगी, टोमॅटो, फ्लॉवर, हिरवी मिरची, कोथिंबीर, मुलांसाठी द्राक्षं. शेवगा, सुरण, रताळी, तांबडा भोपळा, परड्यातला अळू यांवर फवारा क्वचितच जातो; ते कपिलतीर्थ मंडईतून नेहमीच्या भावानं आणा. नेहमीची भाजी आणलीत तर लिटरभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून पंधरा मिनिटं बुडवा आणि वाहत्या पाण्यात धुवा. सालीवरचे अंश यानं बऱ्यापैकी उतरतात, पण आंतरप्रवाही औषध पेशीत गेलेलं असतं, ते धुऊन निघत नाही. सेंद्रिय पालेभाजीही तितक्याच काळजीनं धुवा. शेणाचे जंतू सेंद्रिय असल्यामुळं निरुपद्रवी होत नाहीत. आमच्या गटात काढणीच्या तोंडावर पालेभाजीच्या पानांवर जिवामृत मारायला मनाई आहे.

लेबलाबद्दल एक अनुभव. काही वर्षांपूर्वी आमच्या ढबूचा नमुना प्रयोगशाळेत नापास झाला, त्यात रासायनिक कीटकनाशक सापडलं. आम्ही तर शपथेवर सांगू शकत होतो की मारलं नाही. शोध घेतल्यावर "वनस्पतिजन्य अर्क" म्हणून दुकानातून आणलेली बाटली तपासायला दिली, विष त्यातच होतं. ज्या कंपनीची बाटली, तिनं हात वर केले. त्या हंगामाचा माल आम्ही सेंद्रिय म्हणून विकला नाही, साध्या भावानं दिला, आणि तेव्हापासून अर्क घरीच करतो. म्हणून पाकीटबंद माल घेताना "जैविक भारत" चिन्ह बघा. त्यामागे एनपीओपी (बाहेरच्या संस्थेनं तपासलेलं) किंवा पीजीएस (शेतकऱ्यांच्या गटानं एकमेकांचं तपासलेलं) यांपैकी एक प्रमाणपत्र असावं लागतं. त्यात हंगामी पिकांना दोन आणि बहुवर्षीय पिकांना तीन वर्षं रूपांतराचा काळ आहे. लहान शेतकरी थेट ग्राहकाला विकत असेल तर त्याला नियमात सवलत आहे, त्याच्याकडे चिन्ह नसलं म्हणून तो खोटा ठरत नाही. त्याच्या रानात जा. कणेरीला सिद्धगिरी मठावर एका एकरात किती पिकं बसतात ते मुलांना दाखवा, मग रान वाचायला सोपं जाईल.

तांदळावर आपल्या भागात फवारणी तुलनेनं कमी असते, त्यामुळं केवळ औषधाच्या भीतीनं सेंद्रिय तांदूळ घेऊ नका. घ्यायचा तर आजऱ्याचा घनसाळ घ्या. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तो उशिरा येतो, उतारा कमी देतो आणि भाव मिळाला तरच शेतकरी तो लावत राहील. मे २०२५ मध्ये जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर झाले, कमला आणि पुसा डीएसटी-१. त्यांत बाहेरचं जनुक नाही, म्हणून ते जीएमच्या कडक तपासणीतून वगळलेत. मला ते विषारी वाटत नाहीत. पण पिशवीवर तसं लिहिलेलं असावं आणि बी शेतकऱ्याला घरी राखता यावं, एवढी मागणी मी सोडणार नाही.

राहिला गूळ. सासूबाईंना सेंद्रिय गूळ चालतो असं कुणी सांगितलं असेल तर ते आजच बंद करा. गूळ सेंद्रिय असो वा नसो, बराचसा साखरच आहे, रक्तातली साखर दोन्हींनी वाढते. त्यांच्या डॉक्टरांचंच ऐका. मुलांसाठी मात्र गूळ बघून घ्या. काईलीत, म्हणजे मोठ्या कढईत, रस उकळताना मळी वर येते ती रानभेंडीच्या चिकट रसानं धरून काढतात, हे जुनं आणि चांगलं. बिघडतं ते पिवळ्याधमक रंगासाठी हायड्रॉस पावडर टाकतात तिथे. तिचा गंधक गुळात राहतो, दमेकऱ्यांना तो बाधतो. बाजार समितीच्या सौद्यात पिवळ्या रव्याला, म्हणजे ढेपेला, भाव जास्त मिळत आला म्हणून गुळव्या ती टाकतो. तांबूस-तपकिरी गूळ घ्या, पण नुसत्या रंगावर जाऊ नका, क्षारपड रानातल्या उसाचाही गूळ काळसर होतो आणि तो जिभेला खारट लागतो. दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्ताचे सौदे झाले की गुऱ्हाळं जोरात असतात. मुलांना घेऊन एखाद्या गुऱ्हाळावर सकाळी लवकर जा, पहिली काईल उतरायच्या वेळेला, आणि पावडरीचा डबा काईलीजवळ आहे का ते बघा.